चुंबकाचे वैर आणि चुंबकाचे सख्य

विद्युत् प्रवाह तारेतून वाहू लागला की तार तापते. विजेच्या शेगडीत हीच गोष्ट उपयोगाची ठरते, तर दूरवर वीज वाहून नेणाऱ्या तारांमध्ये हीच गोष्ट नुकसानीची होते. धातूच्या अंगी असणाऱ्या या अडवणुकीला रोध असे नाव आहे. हा रोध अजिबात नाहीसा होऊ शकेल, एकदा सुरू केलेला प्रवाह मागून कोणी न ढकलता तसाच फिरत राहील, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणी छातीठोकपणे सांगितले असते, तर त्याची गणना स्वप्नाळूंतच झाली असती. ते स्वप्न १९११ साली हॉलंडमधील लायडन या गावी खरे ठरले. परंतु त्याच्या पाठोपाठ तीनच वर्षांत असेही दिसून आले की, या नव्या अवस्थेला एक वैरी आहे, आणि तो वैरी म्हणजे चुंबक. त्या वैराची, आणि शंभर वर्षांनी त्याच चुंबकाशी शास्त्रज्ञांना जोडाव्या लागलेल्या सख्याची ही हकिकत आहे.

हकिकतीचा आरंभ हेलियम या वायूपासून करावा लागतो; आणि त्यातला एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी ते गुंटूर येथून पाहिले. त्या वेळी सूर्याच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडातून, ग्रहण नसताना, तीच रेषा पाहिली, आणि ती एका नव्या मूलद्रव्याची असावी असे अनुमान बांधले. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर जे ओटे दाखवितात, त्यांच्याशी या १८६८ च्या शोधाचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. वस्तुतः लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातही सापडून तीन वर्षे झाली होती. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. मात्र तीस वर्षांचे अंतर पुसून टाकणे बरे नव्हे.

हा वायू द्रवरूप करणे फार कठीण होते. लंडनमध्ये जेम्स ड्युअर यांनी १८९८ साली हायड्रोजन द्रवरूप केला होता. उरला होता तो हेलियम. लायडन विद्यापीठात १८८२ पासून प्राध्यापक असलेल्या हाइके कामरलिंग ओनेस यांनी या कामासाठी प्रयोगशाळेला एखाद्या कारखान्याचे रूप दिले. काच फुंकणारे आणि यंत्रे जोडणारे कारागीर तयार करण्यासाठी त्यांनी स्वतंत्र शाळा चालविली. मापनातूनच ज्ञानाकडे जाता येते, हे वचन प्रयोगशाळेच्या दारावर कोरून ठेवावे असे त्यांनी आपल्या पहिल्याच व्याख्यानात सांगितले होते. १० जुलै १९०८ रोजी पहाटे सुरू झालेले काम संध्याकाळपर्यंत चालले. हेलियम द्रवरूप झाला तरी तो इतका पारदर्शक होता की, तो झाला आहे हे प्रथम कोणाच्या ध्यानातच आले नाही. पाहावयास आलेल्या एका सहकाऱ्याने पात्रावर खालून उजेड टाकण्याची सूचना केली, तेव्हा द्रवाचा पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा चमकून दिसला. निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे चार अंशांवरील हा द्रव साधारण साठ घनसेंटिमीटर भरला. पुढील पंधरा वर्षे जगात अन्यत्र कोठेही हा द्रव तयार होऊ शकला नाही.

आता प्रश्न असा होता की, एवढ्या थंडीत धातूच्या रोधाचे काय होते? याविषयी तीन मते होती. रोध हळूहळू कमी होत शून्यावर जाईल, असे काहींचे म्हणणे. धातूतील मळामुळे तो एका मर्यादेखाली उतरणार नाही, असे दुसऱ्यांचे. आणि लॉर्ड केल्विन यांच्यासारख्या मोठ्या अधिकारी पुरुषाला वाटे की, अतिशैत्यात विद्युत्कण गोठून जातील व रोध उलट वाढेल. वादाचा निकाल मापनानेच लागणार होता. त्यासाठी पारा निवडण्यात आला, कारण ऊर्ध्वपातनाने तो अत्यंत शुद्ध करता येतो. बारीक काचनळ्यांत तो भरून गोठविला की पाऱ्याचीच तार होते.

८ एप्रिल १९११ रोजी दुपारी कामरलिंग ओनेस यांनी आपल्या टिपणवहीत पेन्सिलीने नोंद केली की, पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य झाला आहे. प्रत्यक्ष रोधाचे मापन करणारा होता गिलेस होल्स्ट हा तरुण सहायक, आणि शीतयंत्रांची जबाबदारी होती गेरिट फ्लिम या कुशल कारागिराकडे. शून्य हा आकडा संशयास्पद असतो. दोन तारा कोठेतरी चुकून चिकटल्या तरीही शून्यच दिसते. म्हणून प्रयोग पुन्हा पुन्हा करण्यात आला. मे महिन्यात तापमान सावकाश वाढवीत नेले, तेव्हा असे दिसले की, रोध हळूहळू उगवत नाही, ४.२ केल्विनच्या आसपास तो एकदम उडी मारून वर येतो. पुढे अशी एक गोष्ट सांगितली जाऊ लागली की, दाबमापकावर लक्ष ठेवणाऱ्या मुलाला डुलकी लागली, तापमान चुकून वाढले, आणि त्यामुळेच ही उडी सापडली. गोष्ट गोड आहे. पण टिपणवह्या तपासणाऱ्या इतिहासकारांना तिला आधार सापडला नाही. सापडली ती केवळ सावध, कंटाळवाणी, वारंवार केलेली मोजणी.

१९१३ साली कामरलिंग ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाच्या निबंधांवर होल्स्टचे नाव लेखक म्हणून नव्हते. तो पुढे आइंटहोव्हन येथील फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचा पहिला प्रमुख झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे यात कोणाला वावगे वाटले नसेल; परंतु ज्या हातांनी आकडा घेतला ते हात इतिहासाने विसरू नयेत.

रोध नाही म्हणजे उष्णता नाही. मग शिसे किंवा कथील यांच्या तारेचे वेटोळे करून त्यातून हवा तेवढा प्रवाह सोडावा आणि एक लाख गॉस सामर्थ्याचे चुंबक बनवावे, अशी योजना कामरलिंग ओनेस यांनी १९१३ मध्ये मांडली. १९१४ च्या आरंभीच ती कोसळली. द्रव हेलियमच्या तापमानाला शिशाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे सहाशे गॉस झाले की शिसे पुन्हा साधा धातू होई. वॉशिंग्टनच्या फ्रान्सिस सिल्सबी यांनी १९१६ मध्ये यामागचे एक मर्म उलगडले. प्रवाह जसजसा वाढतो तसतसे त्याचे स्वतःचेच चुंबकीय क्षेत्र वाढते, आणि तेच अखेर अतिसंवाहकतेचा घात करते. म्हणजे वैरी बाहेरून येत नव्हता. प्रवाहाच्या पोटातच तो जन्माला येत होता.

तथापि त्याच १९१४ साली शिशाच्या बंद वेटोळ्यात सुरू केलेला प्रवाह, विजेचे उगमस्थान काढून घेतल्यावरही, तासन्‌तास फिरत राहतो हे सिद्ध झाले. शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई कललेलीच राहिली, हीच त्याची साक्ष. १९३२ मध्ये फ्लिमने शिशाच्या कड्यात फिरणारा असा दोनशे अँपिअरचा प्रवाह द्रव हेलियममध्ये बुडवून विमानाने लंडनला नेला, आणि तेथील सभागृहात प्रेक्षकांना दाखविला.

चुंबकाशी असलेल्या वैराचा खरा अर्थ १९३३ साली बर्लिनमध्ये कळला. वाल्टर माइस्नर आणि रोबर्ट ओक्सनफेल्ड यांनी धातू चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच थंड केला. नुसता रोध शून्य झाला असता तर आत असलेले क्षेत्र आतच कोंडून राहावयास हवे होते. पण झाले ते वेगळेच. अतिसंवाहक होताक्षणी धातूने आपल्या पोटातील क्षेत्र बाहेर हाकलून दिले. अतिसंवाहकता म्हणजे केवळ उत्तम वहन नव्हे, ती द्रव्याची एक स्वतंत्र अवस्था आहे, हे यावरून स्पष्ट झाले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावे लागलेल्या फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या बंधूंनी १९३५ मध्ये ऑक्सफर्ड येथे या अवस्थेची समीकरणे मांडली.

याच पर्वात लेव शुबनिकोव्ह हे नाव येते. हा रशियन शास्त्रज्ञ १९३० पर्यंत लायडनमध्ये होता. तेथे डे हास यांच्यासह त्याने बिस्मथ या धातूचा अभ्यास केला, आणि चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले असता बिस्मथचा रोध लाटेसारखा वरखाली होतो हे दाखविले. पुढे युक्रेनमधील खारकोव्ह येथे त्याने आपली शीतप्रयोगशाळा उभारली. १९३६-३७ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही मिश्रधातू चुंबकाला शुद्ध धातूंसारखे एकदम शरण जात नाहीत. क्षेत्राला थोडे थोडे आत येऊ देत ते मोठ्या क्षेत्रातही अतिसंवाहक राहतात. त्याच वर्षी, १९३७ च्या ऑगस्टमध्ये, स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडले आणि नोव्हेंबरात गोळी घातली. तो निरपराध होता हे सरकारने मान्य केले ते १९५७ साली. योगायोग असा की, त्याच्या मापनांचा अर्थ लावणारा अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांचा सिद्धांतही १९५७ मध्येच प्रसिद्ध झाला. क्षेत्र अशा धातूत बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते, असे त्या सिद्धांताने सांगितले. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत नायोबियम आणि कथील यांचे संयुग ८८ हजार गॉसच्या क्षेत्रातही मोठा प्रवाह वाहते असे आढळले. कामरलिंग ओनेस यांचे लाख गॉसचे स्वप्न आता हाताशी आले. इस्पितळात चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाची चित्रे घेणारी आजची यंत्रे याच धातूंच्या जातकुळीतील तारांवर चालतात.

अतिसंवाहकता घडते कशी, याचे उत्तरही १९५७ नेच दिले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले की, अतिशैत्यात इलेक्ट्रॉन जोड्या जमवितात आणि सर्व जोड्या एकाच तालावर चालतात. दिंडीत हजारो पावले एका ठेक्यात पडावीत, तसे हे चालणे. एकट्या पावलाला अडखळावयास वाव राहत नाही. १९६१ मध्ये याचा नाट्यमय पुरावा मिळाला. अतिसंवाहक कड्याच्या पोकळीत चुंबकीय स्रोत वाटेल तेवढा राहत नाही. तो ठराविक मापानेच राहतो, जणू शेर-पायलीने मोजून घातलेला.

दुसऱ्याच वर्षी केंब्रिजमधील बावीस वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने असे भाकीत केले की, दोन अतिसंवाहकांच्या मध्ये निरोधकाचा अगदी पातळ पडदा ठेवला तरी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या विद्युत् दाबावाचून त्यातून पार होतील. खुद्द बार्डीन यांनी या भाकितास छापून विरोध केला. १९६३ मध्ये बेल प्रयोगशाळेत अँडरसन आणि रोवेल यांनी प्रयोग केला व विद्यार्थी बरोबर ठरला. अशा सांध्याला बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की प्रवाह एकसारखा घटत नाही. तो कमी होतो, शून्य होतो, पुन्हा वाढतो. अरुंद फटीतून आलेला प्रकाश पडद्यावर जसे काळेपांढरे पट्टे उमटवितो, तसाच हा नमुना. येथे चुंबकाची भूमिका पालटली. तो केवळ घात करणारा राहिला नाही; आतील प्रवाह कोणत्या वाटेने चालला आहे ते सांगणारा साक्षीदार झाला.

हा साक्षीदार एकविसाव्या शतकात एका विलक्षण द्रव्याच्या चौकशीसाठी बोलावण्यात आला. या द्रव्याला संस्थितिक निरोधक म्हणतात. संस्थितिविज्ञान ही गणिताची अशी शाखा आहे की, जिला वस्तूच्या बारीक आकाराशी कर्तव्य नसते. तिचे लक्ष असते ते, न तोडता न जोडता बदलत नाही अशा गुणांवर. बांगडी कितीही वाकडी केली तरी तिचे भोक एकच राहते; हा तसा गुण. डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले की, काही द्रव्यांतील विद्युत्‌वहन अशाच न बदलणाऱ्या पूर्णांकाने ठरते. २००५ मध्ये चार्ल्स केन व यूजीन मेले यांनी नव्या प्रकारच्या निरोधकाचा सिद्धांत मांडला. २००७ मध्ये जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ग येथे पारा आणि टेल्युरियम यांच्या संयुगाच्या पातळ थरात तो प्रत्यक्षात सापडला. पाठोपाठ बिस्मथयुक्त स्फटिकांतही असाच गुण आढळला. १९११ चा पारा आणि १९३० चे बिस्मथ, दोघेही नव्या वेषात परत आले.

या द्रव्याचा गाभा वीज वाहत नाही, पृष्ठभाग मात्र वाहतो. लाकडाच्या ठोकळ्यावर पत्रा ठोकावा तसे हे नव्हे. पत्रा उचकटता येतो. हा स्फटिक मधोमध चिरला तर नव्या उघड्या पडलेल्या अंगावरही तोच वाहक थर आपोआप प्रकटतो, कारण तो वरून लावलेला नसून गाभ्याच्या गुणातूनच उद्भवतो. शिवाय या पृष्ठावर इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा त्याच्या गतीच्या दिशेशी जखडलेली असते. तो वळला की त्याचे परिवलनही वळते.

आता या द्रव्याची केसाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी बारीक तार घेतली, तर काय होईल? इलेक्ट्रॉन तारेच्या घेराभोवती प्रदक्षिणा घालू लागतो. एक प्रदक्षिणा पुरी होईतो त्याचे परिवलनही एक पूर्ण फेरी मारते; आणि पुंजयामिकीच्या नियमाप्रमाणे अशा फेरीनंतर त्याची लहर उलटी होऊन परतते. तिचा मेळ स्वतःशीच बसत नाही. हा मेळ बसविण्याचे काम चुंबक करू शकतो. तारेच्या लांबीच्या दिशेने क्षेत्र लावले आणि तिच्या छेदातून एका इलेक्ट्रॉनास अनुरूप अशा पुंजमापाच्या बरोबर निम्मा स्रोत गेला, की उलटी लहर सुलटी होते. शंभर नॅनोमीटर व्यासाच्या तारेसाठी हिशेब केला तर हे क्षेत्र सुमारे २,६०० गॉस येते. स्रोताच्या पूर्ण मापागणिक रोध वरखाली होतो, हे २०१० मध्ये स्टॅनफर्ड येथे बिस्मथ-सेलेनियमच्या सूक्ष्म पट्ट्यांवर दिसून आले होते.

अशा तारेला दोन्ही बाजूंनी अतिसंवाहक धातू चिकटविला की त्यातील जोड्या तारेतही पाझरतात, आणि तार जोसेफसनचा सांधा बनते. लिआंग फू आणि केन यांनी २००८ मध्ये असे भाकीत केले होते की, संस्थितिक निरोधक व अतिसंवाहक यांच्या संयोगात एक अपूर्व अवस्था वसू शकते. कणही तीच आणि प्रतिकणही तीच, अशी ती अवस्था. तिची मूळ कल्पना एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये मांडली होती. पुढच्याच वर्षी तो पालेर्मो-नेपल्स सागरप्रवासाच्या सुमारास कायमचा नाहीसा झाला. तारेतून अर्धे माप स्रोत गेला असता तिच्या टोकांशी ही अवस्था प्रकटावी, असे २०११ मध्ये अ‍ॅशली कुक व मार्सेल फ्रान्झ यांनी दाखविले. बाहेरच्या खळबळीने सहजासहजी न बिघडणारा पुंजगणक बनविण्यास तिचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

येथे जुने वैर पुन्हा आडवे येते. तारेला हवे २,६०० गॉस. साध्या जाड अ‍ॅल्युमिनियमची अतिसंवाहकता तर शंभर गॉसच्या सुमारासच संपते. म्हणून नायोबियम किंवा धातूचे अतिपातळ थर वापरावे लागतात. चुंबक आणि अतिसंवाहक यांचे किती कमी जमते, याचे टोकाचे उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आले. डिसेंबर २०१६ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी शुद्ध बिस्मथही अतिसंवाहक होते असे प्रसिद्ध केले. पण एका केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाला, आणि तेही पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे अडविल्यावर. त्या अवस्थेला पृथ्वीचे चुंबकत्वही सोसत नाही.

मग ती अपूर्व अवस्था सापडली का? हॉलंडमध्येच, लायडनपासून फार दूर नसलेल्या डेल्फ्ट येथील प्रयोगशाळेने, वेगळ्या जातीच्या सूक्ष्मतारेत तिचा पक्का पुरावा मिळाल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. इतरांनी मूळ आकडे तपासले, तेव्हा निष्कर्षास अडचणीची ठरणारी काही मापने वगळली गेल्याचे दिसले. २०२१ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला व क्षमा मागितली. पुढील वर्षी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील शास्त्रज्ञांनी पारा-टेल्युरियमच्या संस्थितिक तारांतील अतिसंवाही प्रवाहाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. अपेक्षित खूण दिसते खरी. पण कमी क्षेत्रात ती बहुतांशी साध्याच कारणांनी उद्भवते, आणि पूर्ण मापाच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या वर स्रोत गेला की मगच तिचे संस्थितिक मूळ पुढे येते, असे त्यांची मापने सुचवितात. सुचवितात, सिद्ध करतात असे ते म्हणत नाहीत.

१९११ चे शून्य टिकले, याचे कारण ते पाहताच लायडनच्या माणसांनी प्रथम संशय घेतला तो स्वतःच्या तारांवर. आजच्या सूक्ष्मतारेतील शोधही आणखी कशावर टिकणार नाही. उपकरणे हजारपट नाजूक झाली आहेत, आशा मोठी आहे, आणि तिच्यात गुंतलेला पैसाही मोठा आहे. म्हणून मोह वाढला आहे. क्षेत्र किंचित वाढवावे, आकडा घ्यावा, तो मनाविरुद्ध असला तरी वहीत लिहावा, आणि पुन्हा क्षेत्र वाढवावे, एवढाच या विद्येचा मार्ग पूर्वी होता, आणि आजही तोच आहे.